इमेदाच्या बैलाचं नवं काळीज

आमच्या इमेदाला हळू बोलता येत नाही. चर्चमध्ये मेणबत्ती लावताना तो देवाच्या कानात जे कुजबुजतो ते बाहेर पायरीवर बसलेल्यांनाही ऐकू येतं. त्याची बायको त्सियाला म्हणते, "मला मागणी घातली तेव्हा अख्ख्या अल्वानी गावानं ऐकली, आणि माझ्याआधी अल्वानीनंच होकार दिला." मी त्यांची भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. सामूहिक शेती होती तेव्हा ट्रॅक्टरच्या सुट्ट्या भागांचं गोदाम माझ्या ताब्यात असायचं, त्यामुळे नटबोल्टांची भाषा मला कळते. म्हणूनच हा माणूस कुंपणावरून सारखा ओरडतो, "मक्वाला, जरा बघ इकडे! मक्वाला, मोठा पाना आहे का तुझ्याकडे?" मी तोंड वाकडं करते आणि जाते. पाना घेऊनच जाते.

इमेदाचं आयुष्य एका ट्रकभोवती फिरलं. लष्करात असताना तो असलेच ट्रक चालवायचा, आणि पुढे पलीकडची छावणी उठली तेव्हा तिथलाच एक त्यानं घरी आणला. उंच, हिरवा, माझ्या छातीला लागतील एवढी चाकं. त्याला तो बैल म्हणतो. हिवाळाभर आम्ही खाली अल्वानीत असतो; बर्फ कापून अबानोची खिंड मोकळी झाली की पलीकडे वर आमच्या मूळ मुलखात, तुशेतीत, सगळ्यात आधी चढायचा तो इमेदाचा बैल. पीठ, मीठ, मेंढे, म्हाताऱ्या, पाळणे, पत्रे, सगळं त्यानं वर नेलं. एकदा एका मेलेल्या मेंढपाळाला त्याच्या गावी पुरायला नेलं, तर वाटभर त्याच्याशी गप्पा मारत गेला. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "एवढ्या लांबचा रस्ता, कंटाळला असता बिचारा."

आणि या माणसाला आयुष्यात एकच टोचणी होती. वरच्या आमच्या गावात उन्हाळी सणाला दरवर्षी एका घराकडे यजमानपण येतं. देवापुढे जी जवाची बीअर ठेवायची ती त्या घरच्या जवांची, आणि ते जव यजमानाच्या स्वतःच्या जनावरावरून, नाहीतर आता स्वतःच्या गाडीतून, वर यायला हवेत. इमेदाचे वडील गिगो एकदा यजमान होते. त्यांचे जव सण उलटून गेल्यावर पोचले. दरड कोसळून रस्ता बंद झाला होता, असं त्यांनी सांगितलं. त्या वर्षी देवापुढे पाण्याचा वाडगा ठेवावा लागला. तेव्हापासून यजमानपण त्या घराला वगळून पुढे जायला लागलं, आणि गिगो त्याच खंतीत गेले. लग्नाबिग्नात कुणी पेला उंचावून म्हणायचं, "काय इमेदा, बापाचे जव पोचले का रे?" सगळे हसायचे, इमेदाही हसायचा. मग घरी आल्यावर माझ्या कुंपणाशी उभा राहून म्हणायचा, "दरड पडली यात माझ्या बापाचा काय दोष, मक्वाला? तूच सांग."

यंदा ईस्टरला देवस्थानाचा म्हातारा पुजारी एलिझबार खाली आला होता. त्यानं इमेदाच्या दारात घोडा थांबवला आणि वरूनच म्हणाला, "यंदा तू." बस्स, एवढंच. इमेदा इतका हरखला की त्यानं पुजाऱ्याऐवजी घोड्याचंच तोंड दोन्ही हातांत धरून मुका घेतला.

आता मजा बघा. नेमका त्याच हिवाळ्यात बैल मेला होता. कडाक्याच्या थंडीत इंजिनातलं पाणी सोडायचं असतं हे शेंबडं पोरही सांगेल, पण रेडिओ ऐकून इमेदा सांगत सुटला होता की यंदा थंडी नाहीच. थंडी आली. पाण्याचा बर्फ झाला आणि इंजिन वरपासून खालपर्यंत तडकलं. पहिले काही दिवस त्यानं थंडीला शिव्या घातल्या, मग रेडिओवाल्यांना, मग मला. मी म्हटलं, "मला कशाला रे?" तर म्हणे, "तू आठवण करायला हवी होतीस!"

नवं इंजिन मिळालं ते रुस्तावीच्या भंगारबाजारात. एका खाणीतल्या डंपरचं, आठ नळकांड्यांचं डिझेल इंजिन. मोडीत निघालेल्या डंपरमध्ये ते एकटंच काय ते धडधाकट उरलं होतं. ते जोडायला तेलावीहून गुर्गेन आला. गुर्गेन आर्मेनियन, गोल पोटाचा, वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नाही, आणि बढाया मारण्यात इमेदाला तोडीस तोड. दोघं एकत्र आले की मला माझ्या स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यावी लागते.

अंगणात अक्रोडाखाली तीन तुळयांची तिवई उभी केली, तिला साखळीची कप्पी टांगली आणि जुनं इंजिन बाहेर काढलं. रिकाम्या खोबणीत इमेदा वाकून बघत राहिला. "काळीजच काढलं गं," म्हणाला. त्सियाला आतून ओरडली, "कप्पी माझ्या अक्रोडाच्या फांदीला बांधली असतीत ना, तर तुमचं दोघांचंही काढलं असतं!"

मग नवं उचललं. साखळी करकरत होती, इंजिन हवेत गरगर फिरत होतं, गुर्गेन एका बाजूनं, इमेदा दुसऱ्या बाजूनं, मधे मी दोरी धरून, आणि तिघंही एकाच वेळी हुकूम सोडतोय! "खाली! खाली!" "अरे थांब, वर घे!" "माझं बोट!" कुणाचं बोट ते आजपर्यंत कळलेलं नाही. खाली टेकलं तेव्हा लक्षात आलं की जुन्या इंजिनाचे पाय एकीकडे आणि नव्याचे भलतीकडे. गुर्गेननं सांगाड्यावर नव्या बैठका वेल्ड केल्या. त्या झाल्या तर पंखा रेडिएटरला भिडला, कारण नवं इंजिन वीतभर लांब निघालं. इमेदानं डोकं धरलं. गुर्गेन म्हणाला, "डोकं कशाला धरतोस? बैलाचं नाक लांब करू." खरंच त्यांनी रेडिएटर पुढे सरकवला आणि बॉनेटला पुढून पत्र्याचा तुकडा जोडला. त्यात बैल असा दिसायला लागला की मला हसू आवरेना. इमेदाला मात्र तो भारी देखणा वाटत होता.

गिअरबॉक्स जोडायचा क्षण मी विसरणार नाही. दांडा क्लचच्या मधोमध बरोबर शिरायला हवा, दाते दात्यांत बसायला हवेत. एवढं जड धूड, आणि सगळं केसाच्या अंतरावर अडलेलं. इमेदा खाली पाठीवर पडून पायानं ढकलतोय, गुर्गेन पहारीनं उचलतोय, मी पंखा धरून इंजिन थोडं थोडं फिरवतेय. काही केल्या शिरेना. "अजून थोडं फिरव, मक्वाला. अजून. अजून..." आणि खट्! आपसूक आत सरकला! इमेदा गाडीखालून इतक्या जोरात ओरडला की त्सियालाला वाटलं, मेला. ती धावत बाहेर आली तर हा तेलानं माखलेला, जमिनीवर पडून हात हवेत नाचवतोय.

शेवटी डिझेलची नळी अपुरी पडली. गुर्गेननं तिला एक जोड दिला, त्यावर तागाचा धागा गुंडाळला, वरून काहीतरी चोपडलं आणि आवळून टाकलं. मग हातपंपानं नळीतली हवा काढली. बुडबुडे, बुडबुडे, आणि मग स्वच्छ धार. तोवर कुंपणावर अर्धं गाव जमलं होतं. इमेदा वर चढला, छातीवर क्रॉसची खूण केली आणि बटण दाबलं. इंजिननं एक उसासा टाकला. पुन्हा दाबलं. काळा धूर, कोंबड्या दाही दिशांना, आणि मग बैल असा डुरकला की माझ्या खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होते, ओरडतही होते, आणि मला जराही लाज वाटली नाही. इमेदानं प्यायच्या शिंगात वाईन ओतून पहिला पेला इंजिनाच्या नावानं घेतला, दुसरा गुर्गेनच्या, आणि तिसरा उचलून म्हणाला, "बाबाच्या."

जव तयार होते. त्सियालानं मोड आणून, वाळवून पोती भरली होती. सणाआधी बीअर आंबायला वेळ हवा, म्हणून रस्ता उघडल्याबरोबर आम्ही निघालो. मागे पोती, पोत्यांवर आम्ही. आमच्यात सगळ्यात वडीलधारी नुत्साआजी, जी वर जाते ती फक्त खालच्या सुनेशी भांडण झाल्यावर, म्हणजे दरवर्षी. गुर्गेनही आला. वर कधी गेला नव्हता, पण म्हणाला, "माझं इंजिन चढावर कसं गातं ते मला ऐकायचंय."

आणि गात होतं हो! धबधबे रस्त्यावरून वाहत होते, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला बघवणार नाही असली दरी, आणि बैल फुरफुरत वळणामागून वळण चढत होता. जुना बैल जिथे खालच्या गिअरमध्ये कण्हायचा तिथे हा पठ्ठ्या दिमाखात जात होता. इमेदा खिडकीतून डोकं काढून आम्हाला ओरडून विचारत होता, "कसं काय? कसं काय?" आम्ही ओरडत होतो, "पुढे बघ, मेल्या!"

खिंडीच्या खाली शेवटची दोन वळणं उरली होती. इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. आवाज पडत गेला, ट्रक थरथरला आणि बंद. आम्ही उड्या मारून चाकांखाली दगड लावले. इमेदानं पुन्हा पुन्हा बटण दाबलं. काही नाही. टाकीत डिझेल भरपूर, नळी कुठे गळत नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला. मला ठाऊक होतं त्याला काय दिसत होतं ते. देवापुढे पाण्याचा वाडगा, आणि पुढच्या प्रत्येक लग्नात तोच पेला, तोच प्रश्न.

आणि तेवढ्यात नुत्साआजी काठी आपटून म्हणाली, "डुक्कर कोणी आणलंय?"

तुशेतीत डुकराचं मांस न्यायचं नाही. आमच्या देवाला ते चालत नाही. ज्या गाडीत ते असतं ती खिंड चढत नाही, हे आमच्यात दुधपित्या पोरालाही माहीत असतं. त्यामुळे इंजिन बंद पडल्यावर दुसरीकडे लोक बॉनेट उघडतात, आम्ही पिशव्या उघडतो. काय तो गोंधळ! एकाच्या पिशवीत मांसाचा डबा निघाला, तर त्यावरचं चित्र गाईचं की डुकराचं यावर वाद. "शिंगं आहेत, आजी!" "ते कान आहेत, आंधळ्या!" डबा दरीत गेला. माझा वासाचा साबण नाकाला लावून आजी म्हणाली, "यात चरबी असते." मी म्हटलं, "आजी, तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते, पण माझ्या साबणाला हात लावू नकोस." साबणही गेला. एवढं होऊन बैल ढिम्म.

तेव्हा माझं लक्ष गुर्गेनकडे गेलं. तो जरा लांब, कड्याला पाठ लावून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"गुर्गेन," मी म्हटलं, "काय रे?"

"मी खाल्लं नाही," तो म्हणाला. "शपथ. मी आणलंही नाही. म्हणजे... तसं आणलं नाही."

"मग कसं आणलं?" इमेदा गरजला.

"त्या जोडावर. धाग्याला. ग्रीस संपलं होतं ना, डब्यात डुकराची चरबी होती, माझे वडील पाण्याच्या नळांना तीच लावायचे... अरे, खायचं नाही हे मला माहीत होतं! इंजिनाला चालत नाही हे कोणी सांगितलं मला?"

नुत्साआजीनं छातीवर इतक्या वेळा क्रॉसची खूण केली की हात दुखला असेल. इमेदा मोठा पाना उचलून गुर्गेनच्या दिशेनं निघाला, आणि मी मधे पडले. पण निम्म्या वाटेत तो थबकला. पाना हातात, तोंड उघडं. मग वळला आणि बॉनेट उघडून, चाकावर चढून त्या जोडाला हात लावला. जोड धुराच्या गरम नळीला जवळजवळ टेकला होता. चरबी कधीच वितळून गेली होती, आणि धागा सैल होऊन त्याच्या बोटांत आला.

"मक्वाला!" तो किंचाळला. "हवा ओढतंय! डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते! म्हणून बाहेरून काही दिसेना!"

मी वर चढून बघितलं. खरंच होतं. पंपाच्या अलीकडची नळी, तिच्यात डिझेल ओढलं जातं, मग फटीतून डिझेल गळेल कसं? हवाच शिरणार. आम्ही दोघं दिवसभर शोधत बसलो असतो तरी तो जोड सुचला नसता, आणि आजीनं डुक्कर शोधता शोधता बिघाड शोधून काढला! इमेदा हसत सुटला, मग गुर्गेन, मग सगळेच. आजी तेवढी हसली नाही. "यात हसण्यासारखं काय आहे?" म्हणाली. "मी पहिल्यापासून तेच सांगतेय."

जोड काढून दरीत भिरकावला. त्याच्या जागी वाईनच्या मडक्यातून वाईन ओढायची रबरी नळी बसवली. ती आमच्यापैकी तिघांकडे तरी निघाली. तारेनं आवळली. त्याआधी आजीच्या हुकमावरून सगळं डिझेलनं धुतलं आणि त्यावर द्राक्षाची दारू ओतली. गुर्गेनच्या हातांवरही ओतली, आणि उरलेली त्यानं गुपचूप पिऊन टाकली. हवा काढली, बटण दाबलं, आणि बैल अख्ख्या दरीत घुमला! आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो. मी गुर्गेनच्याही गळ्यात पडले.

खिंड ओलांडली आणि पलीकडे आमचे डोंगर दिसायला लागले. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "वर हे कुणाला सांगायचं नाही हं." सगळ्यांनी माना डोलावल्या. नळीत हवा शिरली होती, बस्स. तेही खरंच होतं. जवांना तर कशाचाच स्पर्श झाला नव्हता, पोती मागे, जोड पुढे. पण त्या जवांच्या ट्रकमध्ये डुक्कर होतं असं कळलं तर एलिझबार पोतं खाली उतरू देणार नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मग इमेदाच्या घराचं नाव कायमचं पुसलं जाणार. मलाही वाटत होतं, गप्प बसावं. फक्त इमेदानं मान डोलावली नाही. उतरणभर त्याचा आवाज नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

गावाच्या तोंडाशी पुरुषमंडळी वाट बघत उभी होती. आनंदानं टोप्या उडत होत्या, कुणी म्हणालं, "अरे, या बैलाचं नाक कुणी ओढलं?" पुढे एलिझबार, काठीवर रेलून. इमेदा खाली उतरला. टोपी काढली.

"एलिझबारकाका," तो म्हणाला, "माझ्या गाडीत डुकराची चरबी होती. मला माहीत नव्हतं, पण होती. आता तुम्ही सांगाल ते."

गुर्गेन पुढे सरसावला, "चूक माझी..." इमेदानं हातानं त्याला मागे सारलं. टोप्या खाली आल्या. मला वाटलं, संपलं सगळं, गाढवा, काय केलंस हे!

एलिझबारनं विचारलं, "कुठे होती ती?"

"इंजिनात. खिंडीच्या खाली गाडी थांबली. तिथेच काढून फेकली."

"खिंडीच्या खाली, म्हणजे पलीकडच्या अंगाला?"

"हो. खाली काखेतीकडच्या दरीत."

"म्हणजे डुक्कर खिंड चढलंच नाही." म्हातारा मागे वळून सगळ्यांना म्हणाला, "ऐकलंत? चढलंच नाही." मग पुन्हा इमेदाकडे वळला आणि त्याचा आवाज खाली आला. "तुला कोणी सांगितलं, तुझा बाप उशिरा आला म्हणून आम्ही त्याला वगळलं?"

"सगळेच म्हणतात."

"गिगोनं सांगितलं तेच सगळे म्हणतात. त्या वर्षी रस्ता उघडा होता, इमेदा. दरडबिरड काही नव्हती. खाली कुणाचं तरी लग्न होतं आणि तो पीत बसला. उशीर झाला तर झाला, माणूस आहे. पण देवासमोर उभा राहून म्हणाला, दरड पडली. मी तेव्हा जवळच उभा होतो. मी कुणाला बोललो नाही. वाट बघत राहिलो, त्या घरातून कुणी तरी येऊन खरं बोलेल म्हणून. शेवटी यंदा मीच तुझ्या दारात आलो, बघू म्हटलं."

इमेदानं हातातली टोपी पिळून पिळून तिचा बोळा केला. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, असा कधी पाहिला नव्हता.

"बघताय काय," एलिझबार बाकीच्यांना म्हणाला, "पोती उतरवा."

देवस्थानाच्या वाटेनं आम्ही बायका जात नाही, म्हणून मी ट्रकपाशीच थांबले. पहिलं पोतं इमेदानं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. ते धरायला दोन्ही हात लागत होते, डोळे पुसायला एकही मोकळा नव्हता. तो तसाच वर चालत गेला.